मॉरिशसला जायचं कसं आणि तिथे फिरायचं कसं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मॉरिशस म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर हनिमूनचं पॅकेज येतं. विमानतळावर हार, हॉटेलची गाडी, ठरलेल्या तीन सहली आणि परत. स्वतःच्या हिशोबाने जाणारे लोक मात्र वेगळेच प्रश्न विचारतात. थेट विमान आहे का, बसने फिरता येतं का, गाडी चालवायला अवघड आहे का, बोटीचं काय. त्यांच्यासाठी ही उत्तरं. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे ती पुन्हा पुन्हा येणार आहे: बेट लहान आहे म्हणून वेळ कमी लागेल असं धरून चालू नका. मुख्य बेट साधारण ६५ किलोमीटर लांब आणि ४५ किलोमीटर रुंद, म्हणजे गोव्याच्या जेमतेम निम्मं. पण मधोमध डोंगर आणि पठार, आणि बरीचशी वाहतूक दोन-तीन मोठ्या रस्त्यांवर. दिवस कसे जातील हे तुम्ही मुक्काम कुठे करता त्यावर ठरतं.

मुंबईहून थेट विमान आहे का? किती वेळ लागतो?

आहे. एअर मॉरिशसची मुंबईहून थेट सेवा आहे आणि प्रवास साधारण सहा ते साडेसहा तासांचा. दिल्लीहूनही थेट विमान जातं, त्याला तास-सव्वा तास जास्त लागतो. मुंबईचं विमान रोज असेलच असं नाही, म्हणून आधी विमानाचे वार बघा आणि मग रजा टाका. उलटं केलं की एक दिवस वाया जातो किंवा दुबईमार्गे जावं लागतं. दुबईमार्गे सोय चांगली आहे, पण मुंबईकराने आधी वायव्येला तीन तास जायचं आणि मग दक्षिणेला साडेसहा तास, हे तिकीट बरंच स्वस्त असेल तरच करावं.

नैरोबीमार्गे तिकीट स्वस्त दिसलं तर पीतज्वराच्या (यलो फीवर) लसीचा नियम नीट वाचा. ज्या देशांतून येणाऱ्यांना ही लस विचारली जाते त्यांत केनिया येतो. विमानतळावर बराच वेळ थांबावं लागलं किंवा बाहेर पडलात, तर लसीचं कार्ड मागितलं जाऊ शकतं, आणि परतताना आपल्याकडच्या विमानतळावरही याबाबत कडक असतात.

घड्याळ भारताच्या दीड तास मागे. इतका किरकोळ फरक की झोपेचं काही बिघडत नाही, फक्त पहिले दोन दिवस पहाटे पाचला जाग येते. तिथे तो फायदाच आहे.

व्हिसा लागतो का?

भारतीय पर्यटकांना आधी व्हिसा काढावा लागत नाही, उतरल्यावर शिक्का मिळतो आणि त्याचे पैसे नाहीत. परतीचं तिकीट, राहण्याचा पत्ता आणि खर्चापुरते पैसे असल्याचा पुरावा हाताशी ठेवा. नातेवाइकांकडे किंवा ओळखीच्यांकडे उतरणार असाल तर त्यांचा पूर्ण पत्ता आणि फोन नंबर लिहून न्या. "मामा घ्यायला येणार आहे" एवढ्यावर काउंटरवरचा माणूस समाधानी होत नाही.

निघण्याआधी सरकारी संकेतस्थळावर प्रवासाचा डिजिटल अर्ज भरावा लागतो. तो मोफत आहे. शोधल्यावर वर येणाऱ्या काही साइट्स याच अर्जाचे पैसे घेतात, त्यांच्या नादी लागू नका.

भारतातून बोटीने जाता येतं का?

नाही. प्रवासी बोट नाही. एखादं क्रूझ जहाज राजधानी पोर्ट लुईला थांबतं, पण ते म्हणजे क्रूझची सहल झाली, बेटावर जाण्याचं साधन नव्हे.

एके काळी मात्र सगळे बोटीनेच गेले. २ नोव्हेंबर १८३४ पासून करारबद्ध मजूर या बेटावर उतरू लागले आणि १९२० पर्यंत जवळपास पाच लाख माणसं भारतातून इथल्या बंदरात आली. बहुतेक बिहार-उत्तर प्रदेशाकडची, त्याखालोखाल दक्षिणेतली, आणि मुंबई बंदरातून निघालेली कोकणातली माणसंही त्यांत होती. पोर्ट लुईच्या बंदरालगत त्यांच्या नोंदणीची जागा होती, आजचा आप्रवासी घाट. २००६ पासून ती युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. काळ्या दगडाच्या सोळा पायऱ्या आहेत, त्या चढून माणसं आत यायची. हे सगळं बस स्थानकाच्या आणि मेट्रोच्या अगदी शेजारी आहे, त्यामुळे "वेळ मिळाला तर बघू" म्हणायला जागा नाही. तासाभरात बघून होतं.

विमानतळ कुठे आहे? तिथून मुक्कामी कसं पोचायचं?

सर शिवसागर रामगुलाम विमानतळ बेटाच्या आग्नेय टोकाला, प्लेझान्सला आहे. राजधानी पोर्ट लुई वायव्येला. म्हणजे उतरल्यावर बहुतेकांना बेट तिरकं ओलांडावंच लागतं. अंतरांचा आणि वेळेचा ढोबळ अंदाज असा: ब्लू बे आणि माहेबूर पाव तास, पूर्व किनाऱ्यावरचं बेल मार तासभर, पश्चिमेचं फ्लिक आँ फ्लाक तासभर, नैऋत्येचं ल मॉर्न सव्वा तास, उत्तरेचं ग्रँड बे सव्वा ते दीड तास. ग्रँड बेला जाताना पोर्ट लुईतून संध्याकाळी चारच्या सुमारास जावं लागलं तर हा अंदाज विसरा.

टॅक्सीचा काउंटर बाहेर येण्याच्या हॉलमध्येच असतो. भाडं तिथेच ठरवा, शक्य तर पावती घ्या आणि मगच सामान डिकीत टाकू द्या. हॉटेलला आधी कळवलं तर ते गाडी पाठवतात. ती थोडी महाग पडते, पण रात्री उतरणाऱ्यांना सोयीची. विमानतळावरून बसही मिळते. माहेबूर ते पठारावरच्या क्युअरपीप शहरामार्गे पोर्ट लुई या मार्गावरच्या बस तिथून जातात. मोठ्या बॅगा असतील तर मात्र नको, बसमध्ये सामानाला जागा नसते आणि कंडक्टर तोंड वाकडं करतो. पाठीवर एकच सॅक असेल आणि उजेड असेल तर खुशाल बसने जा. विमानतळापर्यंत मेट्रो नाही.

मुक्काम कुठे करावा?

सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न हाच, आणि लोक तो सगळ्यांत शेवटी विचारतात. हॉटेलचा तलाव बघून बुकिंग होतं आणि मग कळतं की जे बघायचं आहे ते सगळं बेटाच्या दुसऱ्या टोकाला आहे.

गाडी घेणार नसाल तर उत्तरेकडे राहा: ग्रँड बे किंवा त्रू ओ बीश. पोर्ट लुईच्या बस भरपूर, दुकानं आणि खानावळी चालत जाण्याच्या अंतरावर, आणि उत्तरेच्या छोट्या बेटांकडे जाणाऱ्या बोटी तिथूनच सुटतात. तोटा एवढाच की गर्दी असते आणि दक्षिण लांब पडते. फ्लिक आँ फ्लाक हा दुसरा चांगला पर्याय. तिथून पठारावरच्या कात्र बोर्न शहराच्या बस मिळतात आणि कात्र बोर्नला मेट्रो. हिंदूंचं तीर्थ असलेला गंगा तलाव, धबधब्याचं शामारेल, ल मॉर्न हा सगळा नैऋत्य भाग जवळ पडतो. माझं मत विचाराल तर पहिल्यांदा जाणाऱ्याने इथेच राहावं.

पूर्व किनारा, म्हणजे बेल मार वगैरे, दिसायला सर्वांत देखणा. पण मोठी रिसॉर्ट्स एकमेकांपासून लांब, बस विरळ, आणि जुलै-ऑगस्टमध्ये आग्नेयेचा वारा थेट तोंडावर. रिसॉर्टमधून बाहेरच पडायचं नसेल तर काही हरकत नाही.

दहा दिवस असतील तर मुक्काम दोन ठिकाणी विभागा. शेवटच्या दोन रात्री माहेबूर किंवा ब्लू बेला काढल्या की परतीच्या दिवशी रस्त्यावरची धावपळ वाचते.

बसने खरंच फिरता येतं का? हॉटेलवाले तर नको म्हणतात.

हॉटेलवाले नको म्हणणारच. बसने फिरता येतं आणि छान फिरता येतं, फक्त घाई नको.

राष्ट्रीय परिवहन महामंडळाच्या बस आहेत, शिवाय खासगी कंपन्यांच्या आणि काही एकट्या मालकांच्या. प्रवाशाच्या दृष्टीने फारसा फरक नाही. बसला दर्शनी भागावर गावाचं नाव आणि मार्ग क्रमांक असतो. चढा, बसा, कंडक्टर तिकीट द्यायला येतो. सुटे ठेवा, मोठी नोट दिली तर उरलेले पैसे मिळेपर्यंत त्याच्याकडे लक्ष ठेवावं लागतं. उतरायचं असेल तर बेल दाबायची. भाडं अंतराप्रमाणे, टॅक्सीच्या तुलनेत नगण्य. स्थानिक विद्यार्थ्यांना आणि ज्येष्ठांना बस २००५ पासून मोफत आहे, म्हणून सकाळी आणि दुपारी तीनच्या पुढे गणवेशातली पोरं आणि पिशव्या सांभाळणाऱ्या आज्या यांनी बस भरलेली असते.

पोर्ट लुईत दोन मोठी बस स्थानकं आहेत आणि नवखा माणूस हमखास चुकीच्या स्थानकात जाऊन उभा राहतो. उत्तरेकडे जायचं तर इमिग्रेशन स्क्वेअर. पठारावरची गावं, दक्षिण आणि पश्चिम यांसाठी व्हिक्टोरिया. दोन्हींत चालत पंधरा मिनिटांचं अंतर, आणि वाटेत मध्यवर्ती मंडई लागते, तेव्हा चालाच.

एक मार्ग आवर्जून करावा: माहेबूर ते क्युअरपीप. माहेबूरचं स्थानक पाण्याच्या कडेला आहे. सोमवारी गेलात तर शेजारीच आठवड्याचा बाजार भरलेला असतो, त्यामुळे बसमध्ये भाज्यांचे भारे, कपड्यांची गाठोडी आणि कागदात गुंडाळलेल्या गरम ढोलपुरीचा (डाळ भरलेल्या पोळीचा) वास. बस निघाली की आधी उसाची शेतं, मग शेतांच्या कडेला काळ्या दगडांचे ढीग, जे मजुरांनी जमीन साफ करताना हातांनी रचले. मग चढण सुरू होते. खिडकीतून येणारा वारा हळूहळू गार होतो, किनाऱ्यावर कडक ऊन असताना वर धुकं दिसायला लागतं आणि क्युअरपीप आलं की बायका पर्समधून छत्र्या काढतात. क्युअरपीपला पाऊस कधी पडेल ते सांगता येत नाही, म्हणून छत्री कायम जवळ. तेवढ्या प्रवासात बेटाची निम्मी भूगोलाची वही वाचून होते.

बसची खरी अडचण संध्याकाळी असते. खेड्यांकडच्या बस सहा-सातच्या सुमाराला बंद होतात, मुख्य मार्गांवर थोड्या उशिरापर्यंत चालतात. शेवटची बस कधी हे जातानाच कंडक्टरला विचारून ठेवा. रविवारी फेऱ्या कमी असतात.

मेट्रो आहे म्हणतात, ती कुठून कुठे जाते?

पोर्ट लुई ते क्युअरपीप, साधारण २६ किलोमीटर. वाटेत बो बासाँ, रोझ हिल, कात्र बोर्न, फिनिक्स, व्हाकवा ही पठारावरची सगळी दाट वस्ती. रोझ हिलहून एक फाटा एबेन आणि रेद्युईकडे जातो. तिला मेट्रो म्हणतात, पण प्रत्यक्षात ती ट्राम आहे: काही ठिकाणी पुलावरून, काही ठिकाणी रस्त्याच्या बरोबरीने. भारताच्या आर्थिक मदतीतून लार्सन अँड टुब्रोने ती बांधली, गाड्या स्पेनच्या. ऑक्टोबर २०१९ मध्ये उद्घाटन झालं आणि पुढच्या टप्प्यांत २०२२ मध्ये ती क्युअरपीपपर्यंत पोचली.

या बेटावर रेल्वे नवी नाही. १८६४ मध्येच आगगाडी सुरू झाली होती. प्रवासी वाहतूक १९५६ मध्ये आणि मालवाहतूक १९६४ मध्ये बंद पडली, नंतर रूळ उखडले गेले. मग साठेक वर्षं सगळा भार रस्त्यावर. मेट्रो आल्यावर पोर्ट लुईला नोकरीला जाणाऱ्यांचे हाल कमी झाले.

पर्यटकाला तिचा उपयोग मर्यादित पण पक्का आहे. ती एकाही समुद्रकिनाऱ्यावर जात नाही. पण पोर्ट लुईत गाडी घेऊन शिरणं टाळायचं असेल तर गाडी पठारावरच्या एखाद्या स्टेशनजवळ लावा आणि मेट्रोने खाली उतरा. तिकीट यंत्रावर मिळतं. अर्धा-पाऊण तासात समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंचीवर जाता येतं, तेही वातानुकूलित डब्यातून.

गाडी भाड्याने घ्यावी का? चालवणं अवघड आहे का?

आपल्याकडे गाडी चालवणाऱ्याला अजिबात अवघड नाही. वाहतूक डाव्या बाजूने, स्टिअरिंग उजवीकडे, आणि लोक हॉर्न जवळजवळ वाजवतच नाहीत. आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओतून काढून न्या. कंपनी मागो न मागो, पोलिसाने थांबवलं तर बोलणं सोपं जातं. बहुतेक कंपन्या क्रेडिट कार्डवर अनामत अडकवून ठेवतात, डेबिट कार्ड चालेलच असं धरू नका. गाडी ताब्यात घेताना चारही बाजूंनी मोबाइलवर व्हिडिओ घ्या. परत देताना जुना ओरखडा नवा ठरण्याची कला तिथेही अवगत आहे.

गोलचौक भरपूर आहेत आणि नियम कडक पाळला जातो: उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. आपल्याकडे "आधी नाक घातलं त्याचा रस्ता" ही सवय असते, ती विमानतळावरच सोडा. मोठ्या रस्त्यांवर वेग मोजणारे कॅमेरे आहेत. दारू पिऊन चालवण्याची मर्यादा इतकी कमी आहे की एका बिअरनंतरही जोखीम नको.

खरी काळजी अंधाराची. जूनमध्ये पावणेसहाला सूर्य मावळतो, डिसेंबरमध्ये पावणेसातच्या आसपास. उसातून जाणारे रस्ते अरुंद, बऱ्याच ठिकाणी कडेला लगेच दगडी गटार, दिवे नाहीत, आणि दिवे नसलेले सायकलवाले आहेत. जून ते डिसेंबर हा ऊसतोडणीचा काळ, तेव्हा उसाने भरलेले ट्रक हळू चालतात आणि मागे रांग लागते. दक्षिण किनाऱ्यावरचा सुयाक ते ल मॉर्न हा रस्ता बेटावरचा सगळ्यांत सुंदर. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला हाताच्या अंतरावर पाणी. तो दुपारी करा, परतीसाठी उजेड राखून. शामारेलच्या वळणांवर पाऊस असेल तर घाई करू नका.

पोर्ट लुईत सकाळी सात ते नऊ आणि दुपारी तीन ते सहा गाडी नेऊ नका. यापुढे त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

ओला-उबर चालतं का? टॅक्सीचं काय?

ओला-उबर नाही. टॅक्सी आहेत, मीटर नावापुरता. बसण्याआधी भाडं ठरवायचं आणि ते जाऊन-येऊन आहे की एका बाजूचं हे स्पष्ट विचारायचं. हॉटेलच्या दाराशी उभी असलेली टॅक्सी सगळ्यांत महाग, दोनशे मीटर चालत चौकात गेलं की भाव उतरतो. काही मार्गांवर शेअर टॅक्सीही चालतात. बस नसलेल्या वेळी स्थानिक लोक त्यांनीच जातात, तुम्हीही जाऊ शकता.

आई-बाबांना घेऊन जातोय. बस-बिस जमणार नाही. मग?

दिवसाच्या बोलीवर चालकासह गाडी घ्या. चार जण असाल तर हिशोब बरा बसतो आणि चालक बहुधा हिंदी किंवा भोजपुरी बोलतो, त्यामुळे आई-बाबांची त्याच्याशी गट्टी जमते. एका दिवसात एकच दिशा ठेवा. दक्षिणेचा दिवस: क्युअरपीपचं त्रू ओ सेर हे ज्वालामुखीचं विवर, गंगा तलाव, ब्लॅक रिव्हरच्या दरीचं दृश्य, शामारेल. उत्तरेचा वेगळा. "एका दिवसात पूर्ण मॉरिशस" असं कोणी विकत असेल तर तुम्ही दिवसभर गाडीची काच बघणार आहात.

आणखी एक. चालक वाटेत जहाजांच्या प्रतिकृतींच्या कारखान्यात किंवा दागिन्यांच्या दुकानात थांबवतो. त्याला तिथून दलाली मिळते, हा उघड व्यवहार आहे. एका कारखान्यात आमच्या गटाचा इतका वेळ गेला की पुढे धबधब्यापाशी पोचलो तेव्हा फाटक बंद होत होतं. सकाळी निघतानाच "दुकानं नकोत" म्हणून सांगा. तो वाईट वाटून घेत नाही. जहाजांची कारागिरी मात्र खरोखर बारीक असते, स्वतःहून बघायची असेल तर जरूर बघा.

बेटावर एका गावाहून दुसऱ्या गावाला बोटीने जाता येतं का?

नाही, तशी फेरी सेवा नाही. बोटी आहेत त्या जवळच्या छोट्या बेटांसाठी आणि सहलींसाठी. जवळपास सगळ्या बेटाभोवती प्रवाळाची भिंत आहे, त्यामुळे आतलं पाणी उथळ आणि शांत. दक्षिणेला सुयाकजवळ ग्री ग्रीला ही भिंत तुटलेली आहे आणि लाटा थेट कड्यावर आदळतात. तिथे पोहायचं नाही, फक्त बघायचं.

पूर्वेच्या इल ओ सेर बेटाला त्रू द'ओ दूस गावातून स्पीडबोट जातात. बोटवाला कोण हे फारसं महत्त्वाचं नाही, परतीची शेवटची बोट किती वाजता हे महत्त्वाचं. सकाळच्या पहिल्या बोटीने गेलात तर वाळू तुमची, अकरानंतर ती सगळ्यांची. उत्तरेत ग्रँड बेहून कॅटामरान (जोड-सांगाड्याच्या शिडाच्या बोटी) कुआँ द मीर बेटाजवळून फ्लॅट आयलंड आणि गॅब्रिएलकडे जातात. ही दिवसभराची सहल असते आणि प्रवाळाच्या बाहेर पडल्यावर बोट चांगली हलते. मळमळीची गोळी निघण्याआधी घ्या, मळमळल्यावर घेऊन उपयोग नाही.

माझी आवड विचाराल तर माहेबूरजवळचं इल ओ एग्रेत. लहानसं प्रवाळी बेट, किनाऱ्यापासून काही मिनिटांवर. मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशनने तिथे मूळ जंगल पुन्हा उभं केलं आहे. मार्गदर्शकाबरोबरच जाता येतं. आबनूसची झाडं, गुलाबी कबुतरं आणि वाटेत आडवी येणारी महाकाय कासवं. ज्या बेटावरून डोडो नाहीसा झाला, तिथे उरलेलं वाचवायला काय करावं लागतं ते तासा-दीड तासात समजतं.

ल मॉर्नजवळचा "समुद्राखालचा धबधबा" बोटीतून दिसत नाही. तो वाळू घसरल्यामुळे होणारा दृष्टिभ्रम आहे आणि फक्त वरून दिसतो, म्हणजे हेलिकॉप्टर. खर्च मोठा आहे, फोटो बघून भागत असेल तर भागवा.

रॉड्रिग्सला जावं का? कसं?

आठवडाभराच्या सहलीत नको, पण दहा-बारा दिवस असतील तर नक्की. मुख्य बेटापासून साधारण सहाशे किलोमीटर पूर्वेला, १०८ चौरस किलोमीटरचं. छोट्या एटीआर विमानाने दीड तास. सामानाची मर्यादा आंतरराष्ट्रीय विमानापेक्षा कमी असते, तिकीट काढतानाच विचारा. आसनं कमी असल्यामुळे शाळांच्या सुट्ट्यांत जागा मिळत नाही.

पोर्ट लुईहून जहाजही जातं, मालवाहतूक आणि प्रवासी दोन्ही. दीड दिवसाच्या आसपास लागतो आणि वेळापत्रक मालाच्या सोयीने ठरतं. ठरावीक तारखेला परतायचं असेल तर या वाटेला जाऊ नका.

तिकडे गेल्यावर वाहतूक कोंडी हा शब्द विसरायला होतो. पोर्ट माथुरिनहून बस सुटतात, स्कूटर भाड्याने मिळते आणि चालण्याच्या पायवाटा उत्तम.

रियुनियन जवळच आहे ना? एक दिवस जाऊन येऊ?

जवळ आहे, विमानाने पाऊण तास. पण तो फ्रान्स आहे, आणि फ्रान्स असूनही एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या शेंगेन क्षेत्रात नाही. युरोपचा नेहमीचा व्हिसा पासपोर्टवर आहे म्हणून आपोआप चालतो असं समजू नका. मुंबईतूनच चौकशी करून निघा. मॉरिशसच्याच दूरच्या आगालेगा बेटाचं नाव बातम्यांत ऐकून काही जण विचारतात. तिथे भारताच्या मदतीने झालेली धावपट्टी आणि धक्का फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला, पण ती पर्यटनाची जागा नाही.

चक्रीवादळात अडकलो तर?

वादळांचा हंगाम नोव्हेंबर ते मध्य मे, जोर जानेवारी ते मार्च. दर वादळ बेटावर येतंच असं नाही, बहुतेक बाजूने निघून जातात, पण बाजूने जातानाही विमानं रद्द होतात. हवामान खात्याचे इशारे एक ते चार अशा वर्गांत असतात. पहिल्या दोन वर्गांत तयारी करायची: पाणी, औषधं, मोबाइल चार्ज, गाडी झाडाखालून हलवायची. तिसरा वर्ग लागला की बस बंद, दुकानं बंद, सगळ्यांनी घरात. हॉटेलात असाल तर ते सांगतील तसं करा, खोलीच्या काचा बंद करायला माणसं येतात. घर भाड्याने घेतलं असेल तर मालकाला फोन करून विचारा.

"पाऊसच तर आहे" म्हणून गाडी बाहेर काढणं हा आपला नेहमीचा शहाणपणा इथे अंगाशी येतो. १५ जानेवारी २०२४ ला बेलाल वादळात पोर्ट लुईचे रस्ते काही वेळात नद्या झाले आणि गाड्या वाहून जाताना सगळ्या जगाने बघितल्या. विमानतळही बंद ठेवावा लागला. या महिन्यांत जायचं असेल तर प्रवास विमा काढा आणि परतल्यानंतर लगेच दुसऱ्या दिवशी लग्न-मुंज ठेवू नका.

सणावारांमुळे फिरण्यावर परिणाम होतो का?

होतो, आणि तो बघण्यासारखा असतो. महाशिवरात्रीच्या आधी काही दिवस लाखो लोक चालत गंगा तलावाकडे निघतात. खांद्यावर सजवलेल्या कावडी असतात, काही तर चार-सहा माणसांनी उचलायच्या देवळाएवढ्या. तलाव पठारावर आहे आणि तिकडचे सगळे रस्ते त्या दिवसांत पायी जाणाऱ्यांचे. गाडीने जाण्याचा हट्ट करू नका. चालायची तयारी असेल तर त्यांच्यात सामील व्हा, वाटेत जागोजागी मंडपांत पाणी, फळं आणि जेवण मिळतं, कोणी पैसे घेत नाही. एरवी गेलात तर तलावापाशी १०८ फुटी मंगल महादेव आणि तेवढीच दुर्गा दुरूनच दिसतात.

गणेशोत्सव मॉरिशसच्या मराठी समाजाने रुजवला आणि त्यानिमित्त देशभर सार्वजनिक सुट्टी असते. गंमत म्हणजे सुट्टी चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी येते, कारण तिथे दीड दिवसाचा गणपती आणि सुट्टी विसर्जनाची. २०२४ मध्ये आपल्याकडे ७ सप्टेंबरला चतुर्थी होती, तिथली सुट्टी ८ ला. पश्चिमेकडचं कास्कावेल हे मराठी वस्तीचं गाव, फ्लिक आँ फ्लाकहून अगदी जवळ. त्या दिवशी दुपारी मिरवणूक समुद्राकडे किंवा नदीकडे निघते, आणि क्रिओल बोलणाऱ्या पोरांच्या तोंडून आरती खणखणीत ऐकू येते. बस त्या दिवशी कमी आणि रस्ते तुंबलेले, हे गृहीत धरूनच जा.

यूपीआय चालतं का?

१२ फेब्रुवारी २०२४ पासून भारतीय पर्यटकांसाठी ते सुरू झालं आहे. मोठ्या दुकानांत विचारून बघा. बस, टॅक्सी, मंडई, ढोलपुरीची गाडी यांच्यासाठी मॉरिशियन रुपये रोखच लागतात.

हिंदी-इंग्रजीवर भागतं का?

भागतं. इंग्रजी सरकारी कामात, फ्रेंच वर्तमानपत्रांत आणि क्रिओल रस्त्यावर. बसमध्ये शिरताना "बोंझूर" म्हटलंत की कंडक्टर तुमच्या थांब्याची आठवण स्वतःहून करून देतो.

परतताना सामानाबाबत काही?

शिंपले आणि प्रवाळ आणू नका, वाळूत पडलेले असले तरी. जाताना कढीपत्ता, आंबे, रोपं, बिया नेऊ नका, परवानगीशिवाय ते विमानतळावरच जातात. ड्रोन न्यायचा असेल तर परवानगी आधी. रोजची औषधं असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर ठेवा, झोपेच्या आणि वेदनाशामक गोळ्यांबाबत तिथे विशेष कडक आहेत. विमानतळावर तीन तास आधी पोचा, आणि ग्रँड बेहून निघत असाल तर त्याच्याही आधी दोन तास रस्त्यासाठी धरा.